उठून धावण्याचा आजार

कोक-झारच्या जिल्हा रुग्णालयातला अतिदक्षता विभाग आणि मनोरुग्ण विभाग एकाच परिचारिकेकडे सोपवण्याचा निर्णय पूर्ण विचारांती घेण्यात आला होता, हे आधीच नमूद केलेलं बरं. विचार मुख्य वैद्य ओरोझबेक साकेनोविच यांनी जातीने केला होता. सभेत त्यांनी डोक्यावरचा काल्पाक काढून टेबलावर ठेवला. असं ते फक्त मोठं धोरण जाहीर करताना करत.

"या दोन विभागांत एक मूलभूत साम्य आहे," ते म्हणाले. "एकातले रुग्ण तक्रार करू शकत नाहीत आणि दुसऱ्यातल्यांची तक्रार धरायची नसते. सबब, दोन्हीकडे वेगवेगळा कर्मचारीवर्ग ठेवणं ही उधळपट्टी आहे."

तसा ठेवायला कर्मचारीवर्ग उरलाही नव्हता. आमच्या गावातून पूर्वी जर्दाळू बाहेर जायचे, आता परिचारिका जातात. जर्दाळू वाळवून मग पाठवतात. परिचारिका नोकरीतच वाळतात आणि मग आपण होऊन जातात. कोणी जर्मनीत म्हाताऱ्यांच्या उशा सारख्या करते, कोणी तुर्कस्तानात. या दोन विभागांपुरती उरली होती एकटी चिनारा. उंच, रुंद खांद्यांची, आणि बाजाराच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाचा कसाई सुरी थांबवेल अशा आवाजाची. परिचर्या शाळेत तिला विभाग निवडायचं स्वातंत्र्य होतं, म्हणजे मुख्य बाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "तू मनोरुग्णांकडे. तुला बघून कोणी दांडगाई करणार नाही." अतिदक्षतेचं काम ती नंतर शिकली, तिथल्या बाईने सामान बांधायला घेतलं तेव्हा.

"साहेब," चिनारा सभेत उभी राहिली, "एका विभागातले उठत नाहीत आणि दुसऱ्यातले बसत नाहीत. मी नेमकं कुठे असायचं?"

"मध्ये."

"मध्ये अंगण आहे."

"मग अंगणात," ओरोझबेक साकेनोविच म्हणाले आणि काल्पाक पुन्हा डोक्यावर चढवला. धोरण संपलं होतं.

अशा रीतीने चिनाराचं अंगणातलं आयुष्य सुरू झालं. एका टोकाला नळ्या, सलाईन, छातीचा भाता चालवणारी यंत्रं. दुसऱ्या टोकाला जुनी बैठी इमारत, खिडक्यांना पूर्वी गज होते. ते कोणीतरी द्राक्षांच्या मांडवासाठी नेले होते. मध्ये पॉपलरची रांग. त्यातल्या एका झाडाखाली ताशीबेक-अता उभे असत. ते पूर्वी सरकारी बसचे चालक होते. बस घाटात कोसळली तेव्हा ते एकटे वाचले. तेव्हापासून ते रोज प्रवाशांना हाका मारून गोळा करत. त्यांना हाताला धरून, "अता, गाडी जेवणानंतर सुटणार आहे," असं सांगून आत आणायचं. मग धावत जाऊन पलीकडच्या रुग्णाची कूस बदलायची. मग पुन्हा इकडे.

काही काळाने तिची गल्लत होऊ लागली. बेशुद्ध रुग्णाला ती दटावायची, "उठा, किती झोपाल, तोंड धुवा." ताशीबेक-अतांना म्हणायची, "श्वास घ्या. सोडा. शाब्बास." एकदा बाजारात तिने खरबुजाच्या देठावर दोन बोटं ठेवली, थोडा वेळ थांबली आणि विक्रेत्याला हळूच म्हणाली, "नातेवाइकांना बोलावून घ्या." विक्रेत्याने खरबूज फुकट दिलं आणि दोन दिवस दुकान उघडलं नाही.

शेवटी तिने आणखी एका परिचारिकेची मागणी केली. उत्तर तत्परतेने आलं. दुसरी परिचारिका देणं शक्य नाही, मात्र पहिलीला बळकट करणं शक्य आहे, असं त्यात म्हटलं होतं.

बळकट करण्यासाठी राजधानीहून एल्विरा मारातोव्हना आल्या. त्या मनःस्वास्थ्याच्या प्रशिक्षक होत्या. पांढरी विजार, पांढरे बूट, आणि आवाज असा की ऐकणाऱ्याला आपण तान्हं बाळ आहोत असं वाटावं. सगळ्या विभागांच्या परिचारिकांना सभागृहात बसवण्यात आलं. रुग्णांना तेवढा वेळ धीर धरायला सांगण्यात आलं.

"डोळे मिटा," एल्विरा मारातोव्हना म्हणाल्या. "समोर इसिक-कुल सरोवराचं निळं पाणी आहे. तुम्ही काठावर आहात. तुम्हाला कुठेही जायचं नाहीये."

शेवटचं वाक्य चिनाराच्या कानावर पडलं आणि ती जी तळ्यात गेली ती वर आलीच नाही. आधी तिचं डोकं छातीवर आलं, मग घोरणं सुरू झालं. इतर परिचारिका हेव्याने बघत राहिल्या. हलवून झालं, पाणी शिंपडून झालं, खुद्द ओरोझबेक साकेनोविच कानाशी खाकरून गेले. ती उठली संध्याकाळच्या चहाला, आणि पहिला प्रश्न विचारला, "कोण गेलं?"

"हा थकवा नाही," एल्विरा मारातोव्हनांनी मुख्य वैद्यांच्या खोलीत निदान केलं. "थकवा सुट्टीने जातो."

"सुट्टी देता येणार नाही," मुख्य वैद्य घाईने म्हणाले.

"म्हणूनच हा थकवा नाही. हिची आतली ज्योत विझलीये. हिला रुग्णालयात ठेवावं लागेल."

"ती रुग्णालयातच असते. घरी जाते कुठे?"

"कर्मचारी म्हणून असते. आता रुग्ण म्हणून असेल."

ओरोझबेक साकेनोविच विचारात पडले. विझलेल्या कर्मचाऱ्याला काम देणं नियमाबाहेर होतं, आणि दुसरा कर्मचारी तर नव्हता. पण माणूस अनुभवी. मनोरुग्णांना हलकंफुलकं काम द्यावं, त्याने मन रमतं, असा एक जुना नियम त्यांना आठवला. पूर्वी या नियमाखाली रुग्ण पाकिटं चिकटवत. नियमात काम कोणतं हे लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चिनाराला मनोरुग्ण विभागात दाखल करून घेण्यात आलं. पट्ट्यापट्ट्यांचा अंगरखा मिळाला, कोपऱ्यातला पलंग मिळाला, आणि उपचार म्हणून दोन्ही विभागांची परिचर्या नेमून देण्यात आली. उपचारासाठी पगार घेण्याची प्रथा जगात कुठेच नसल्याने तो बंद झाला.

अतिदक्षतेत त्या वेळी काल्बुबू-अपा होत्या. फुप्फुसं पाण्याने भरलेली, घशात नळी, श्वास यंत्रावर. त्यांचा मुलगा रिसबेक बाजारात मोटारींचे सुटे भाग विकायचा, आणि रुग्णालयाकडेही त्याच नजरेने बघायचा: भाग खराब आहे, बदलून द्या. त्याने पट्ट्यांचा अंगरखा आईच्या पलंगाशी पाहिला आणि त्याचा ताबा सुटला.

"ए! वेडीच्या हातात सुई कोणी दिली?"

"वेडी नाही, विझलेली," चिनारा म्हणाली. "बाजूला हो, उजेड अडवतोयस."

रिसबेकने तक्रार केली. ती रास्त ठरली. काम करणाऱ्या मनोरुग्णावर परिचारिकेची देखरेख हवी, असा आदेश निघाला. या दोन विभागांना परिचारिका एकच होती. तेव्हा चिनाराने अंगरख्यावर पांढरा कोट चढवून स्वतःवर देखरेख करावी, असं ठरलं.

तिने ते प्रामाणिकपणे केलं. "रुग्ण चिनारा, सलाईन बदल," असं ती करड्या आवाजात म्हणायची आणि मग मान खाली घालून, "बदलते, एजे." एजे, म्हणजे ताई, म्हटल्यावर थोरली बहीण जितकी खूश होते तितकी ती खूशही दिसायची. रिसबेकचं समाधान झालं. "आता कशी शिस्त आली," तो नातेवाइकांना म्हणाला. "देखरेख पाहिजेच. मोकळं सोडलं की ही माणसं माजतात."

या सगळ्यात एक गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानात आली नव्हती. मनोरुग्ण विभागात जेवणानंतर सक्तीची विश्रांती असे. दाराला कुलूप, पडदे बंद, आणि रुग्णाला उठवायची मुभा खुद्द मुख्य वैद्यांनाही नाही. चिनारा रोज दुपारी झोपू लागली. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली. ती एकदा हसलीसुद्धा.

ही बातमी शस्त्रक्रिया विभागात पोचली. मग बाळंतिणींकडे, मग मुलांच्या वॉर्डात. आठवडाभरात परिचारिकांच्या ज्योती पटापट विझू लागल्या. एकीने जंतुनाशकाच्या बादलीशी गप्पा मारल्या, दुसरी कोणत्याही प्रश्नाला "निळं पाणी" एवढंच उत्तर देई. वेड पांघरून पेडगावला जाणाऱ्यांची अशी रांग लागली की पलंग कमी पडायला लागले. तेव्हा आधीपासून पलंग अडवून बसलेल्या रुग्णांना, ते बरे झाले असल्याचं कळवण्यात आलं.

"अता, तुम्ही बरे झालात," ताशीबेक-अतांना सांगण्यात आलं.

"आणि गाडी?"

"गाडी गेली."

"मला टाकून गेली, आणि मी बरा?" अता म्हणाले. त्यांना घर नव्हतं. ते जाऊन पॉपलरखाली बसले.

ओरोझबेक साकेनोविच आधी धास्तावले होते. पण आकडेवारी पाहून ते स्वतःच चकित झाले. मनोरुग्ण विभागात दर रुग्णामागे एक परिचारिका! असं प्रमाण देशात कुठेच नव्हतं. रुग्ण आणि परिचारिका एकच असल्यामुळे परस्परांबद्दल तक्रारही नव्हती. राजधानीने याला 'कोक-झार पद्धती' असं नाव दिलं. एल्विरा मारातोव्हनांना या पद्धतीवर व्याख्यानांची आमंत्रणं येऊ लागली. मुख्य वैद्यांनी नवा काल्पाक शिवून घेतला.

आणि मग एके दिवशी, विश्रांतीच्या वेळी, काल्बुबू-अपांच्या नळीत कफ अडकला.

यंत्र किंचाळायला लागलं. अतिदक्षतेचे डॉक्टर राजधानीत होते, रुग्णसुरक्षेवरच्या परिषदेला. रिसबेक आईच्या ओठांचा रंग बदलताना पाहत होता. तो ओरडत अंगण ओलांडून पळाला आणि बैठ्या इमारतीच्या दारावर आदळला.

"हळू," रखवालदार म्हणाला. "रुग्ण झोपलेत."

"मला नर्स पाहिजे!"

"त्याच झोपल्यात."

"माझी आई मरतेय रे!"

"मग चहाच्या वेळी या," रखवालदार म्हणाला. तो दुष्ट नव्हता. त्याला कुलपाची जबाबदारी दिलेली होती, आईची नाही.

पॉपलरखालून ताशीबेक-अता हे पाहत होते. ते आता रुग्ण नव्हते आणि भेटायला आलेलेही नव्हते, त्यामुळे त्यांना कोणताच नियम लागू नव्हता. ते इमारतीच्या मागे गेले आणि कोपऱ्यातली खिडकी बडवू लागले. "चिनारा! ऊठ पोरी! गाडी सुटतेय, बाई आत अडकलीये!"

चिनारा खिडकीतून बाहेर पडली, ती अनवाणी. रिसबेक वाटेत होता, त्याला तिने खांद्याने बाजूला केलं. पोचली, नळीत दुसरी बारीक नळी घातली, कफ ओढून काढला, पुन्हा ओढला. काल्बुबू-अपांची छाती वर आली. यंत्र गप्प झालं. चिनारा पलंगाच्या कडेला टेकली. तिच्या पायातून रक्त येत होतं.

"एजे," रिसबेक रडत म्हणाला, "एजे, तुझे पाय धुवून पाणी पिईन." गरज पडली की आमच्याकडे कोणीही एजे होते.

दुसऱ्या दिवशी चौकशी बसली.

"तू खिडकीतून गेलीस," ओरोझबेक साकेनोविच म्हणाले. "परिचारिका असतीस तर दारातून गेली असतीस."

"दाराला कुलूप होतं."

"रुग्णांसाठी. परिचारिकेने ते उघडून घ्यायला हवं होतं."

"परिचारिका झोपली होती ना साहेब."

"झोपेत कामचुकारपणा! तिच्यावरही कारवाई होईल. कोण ती?"

"मीच."

साक्षीला रिसबेकला बोलावलं होतं. आईला अजून काही दिवस रुग्णालयात काढायचे होते, म्हणून तो सांभाळून बोलला. "आईला वाचवलं ते खरं. मी नाही म्हणत नाही. पण मला धक्का मारला. धक्का तो धक्काच. आणि अनवाणी होती, साहेब. अतिदक्षतेत अनवाणी."

एल्विरा मारातोव्हना मुद्दाम आल्या होत्या. पद्धतीच्या नावाला बट्टा लागला होता. त्यांनी हळुवारपणे सांगितलं की हा नवाच विकार आहे: उठून धावण्याची अनावर ऊर्मी. "निरोगी माणूस आवाज ऐकतो," त्या म्हणाल्या, "त्याची नोंद घेतो, आणि जाऊ देतो. हिला जाऊ देता येत नाही."

उपाय सोपा होता. रुग्णाला खुर्चीत बसवून यंत्राची किंचाळी ऐकवायची. उठली नाही तर बरी झाली. बाकीच्या परिचारिकांनी ही परीक्षा चुटकीसरशी दिली. त्यांची झोप पुरी झाली होती. 'शरीराने व मनाने सुदृढ' असा दाखला मिळताच त्या जर्मनीच्या वकिलातीत गेल्या. तिथे नेमका असाच दाखला मागतात. कोक-झारमध्ये आता चिनारा एकटी उरली, आणि तिची परीक्षा राहिली होती.

समिती बसली. मुख्य वैद्य, एल्विरा मारातोव्हना, परिषदेहून परतलेले अतिदक्षतेचे डॉक्टर, आणि नागरिकांचा प्रतिनिधी म्हणून रिसबेक. काल्बुबू-अपा एव्हाना बऱ्या होऊन घरी गेल्या होत्या आणि सुनेला जाच करू लागल्या होत्या. टेबलावर चहाचे पियाले होते, तळलेल्या बोर्सोकची ताटली होती.

एल्विरा मारातोव्हनांनी फोनवर आवाज लावला. चिनारा ताडकन उठली.

"बसा. चहा घ्या. पुन्हा."

पुन्हा उठली.

"चिनारा," ओरोझबेक साकेनोविच आर्जवाने म्हणाले, "अगं तुझ्या बरोबरीच्या परिचारिका जर्मनीत बघ कशा सुखात आहेत. थोडं बस. बसायचंच तर आहे."

तिसऱ्या वेळी तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. नजर बोर्सोकवर खिळवली. कपाळावरून घाम हनुवटीपर्यंत आला. टाच फरशीवर थडथडत होती. पण ती बसली. शेवटपर्यंत बसली.

"सुंदर!" एल्विरा मारातोव्हना टाळ्या वाजवत म्हणाल्या आणि त्यांनी फोन बंद केला. मुख्य वैद्यांनी दाखल्यावर शिक्का उमटवला. रिसबेकने अभिनंदन केलं.

आवाज चालूच होता.

"बंद करा ना, मादाम," मुख्य वैद्य म्हणाले.

"बंदच आहे."

सगळ्यांनी कान दिला. आवाज अंगणापलीकडून येत होता. सकाळी घाटात ट्रक उलटून आलेला एक तरुण चालक तिथे यंत्रावर होता.

"नोंद घेऊ या," एल्विरा मारातोव्हना डोळे मिटून म्हणाल्या, "आणि जाऊ देऊ या."

अतिदक्षतेच्या डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. "मी आत्ता समितीवर आहे. समितीवरून उठलो तर गणपूर्ती मोडेल."

"आई तर आपली घरी आहे," रिसबेक म्हणाला आणि त्याने आणखी एक बोर्सोक उचललं.

चिनाराने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग ती उठली. पियाला आडवा झाला, चहा दाखल्यावर सांडला, आणि ती दारातून निघून गेली. या वेळी दार उघडं होतं.

चालक वाचला. बरा झाल्यावर गावाकडून एक मेंढा घेऊन आला आणि त्याने तो मुख्य वैद्यांना अर्पण केला. चिनारा कोण हे त्याला ठाऊक नव्हतं. तेव्हा तो शुद्धीत नव्हता.

समितीने त्याच बैठकीत, सांडलेला चहा पुसून, चिनाराचा आजार असाध्य ठरवला. तिला कायमस्वरूपी दाखल करून घेण्यात आलं. असाध्य रुग्णाला पारपत्र मिळत नाही, म्हणजे ती जर्मनीला जाण्याची भीती गेली. असाध्य रुग्ण निवृत्त होत नाही. ओरोझबेक साकेनोविचांनी वार्षिक अहवालात लिहिलं की हा आजार आणखी दोघीतिघींना जडला, तर रिकाम्या जागांचा प्रश्न कायमचा मिटेल; पण तो संसर्गजन्य नसल्याचं दिसतं, ही खेदाची बाब आहे. ताशीबेक-अतांना, झोपलेल्या रुग्णांची खिडकी वाजवल्याबद्दल, आवारात यायला बंदी झाली. ते आता फाटकाबाहेर उभे राहून हाका मारतात.

परवा गावातली आम्ही काही मंडळी तिला भेटायला गेलो. सोबत कुरुत, म्हणजे वाळवलेल्या दह्याचे गोळे, आणि घरचं लोणी नेलं होतं. ती अंगणातल्या बाकावर बसली होती. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. खूप वेळ केली.

"एजे, सोडून का देत नाहीस हे?" आमच्यातली एक म्हणाली. "रखवालदार दिवसभर पेंगतो. फाटक उघडं आहे."

"देते की सोडून," चिनारा म्हणाली. "तुमच्यातलं कोणीतरी एकदा उठा. मग मी बसते."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मागणी रास्त आहे याबद्दल आमच्यात दुमत नव्हतं. ती योग्य ठिकाणी पोचवण्याचं आश्वासन देत होतो, तेवढ्यात पलीकडे यंत्र वाजलं आणि ती बोलणं अर्धवट टाकून गेली. आम्ही बाकावर होतो. आवाज बराच वेळ येत होता, मग थांबला, कसा ते माहीत नाही.

तुम्हीही हे सगळं बसूनच ऐकलंत. मध्ये एकदाही उठला नाहीत. अभिनंदन, तुमची प्रकृती उत्तम आहे.